कार्ड बदलायच्या आधी पीसीच्या मागे वाकून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरबसल्या लाइव्ह स्ट्रीमिंग कसं करायचं यावर पानभर लेख आला होता. लेख चांगलाच होता, पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून कुणाशी बोलत असतं ते निदान आईबापांना कळलं असेल. पण खालच्या चौकटीत दोन सल्ले होते, एक म्हणजे दोन मॉनिटर ठेवा आणि दुसरा म्हणजे स्ट्रीम अडकत असेल तर ग्राफिक्स कार्ड अपग्रेड करा, आणि हे दोन्ही एकाखाली एक छापलेत पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे कुठंच लिहिलेलं नाही. अहो संबंध आहे आणि चांगलाच आहे. कितीतरी ठिकाणी दुसरा मॉनिटर लावल्यावरच स्ट्रीम अडकायला लागते, मग हजारो रुपये घालून कार्ड बदललं तरी ती अडकायची ती अडकतेच, कारण दुखणं भलतीकडंच असतं.

माझं कराडला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, म्हणजे कार्ड विकलं गेलं तर चार पैसे मलाच सुटणार, तरी सांगतोय. तुमची चौकट आल्यापासून लोक कात्रण घेऊन यायला लागलेत, कार्ड कितीला बसेल म्हणून. मी म्हणतो आधी कॅबिनेटच्या मागचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करा, मग कार्डाचं बोलू.

फोटो कशाला, तर आपल्याकडं दुसरा मॉनिटर सहसा कुणी नवीन घेत नाही. जुन्या कॉम्प्युटरचा अठरा-एकोणीस इंची माळ्यावर पडलेला असतो, तोच पुसूनपासून टेबलावर येतो. त्याला मागं फक्त निळं व्हीजीए, म्हणजे मॉनिटरची केबल लावायचं जुन्या पद्धतीचं पोर्ट. आता एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० सिरीजपासून पुढच्या कार्डांना व्हीजीए नाहीच, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट अशी नवी पोर्टं असतात, मग ती निळी पिन कुठं बसते हे शोधत पोरगं मदरबोर्डच्या पोर्टांपर्यंत पोचतं, तिथं व्हीजीए सापडतं, दोन्ही स्क्रू आवळले, चित्र आलं, विषय संपला. पण झालंय काय की पहिला मॉनिटर चालतोय ग्राफिक्स कार्डावर आणि दुसरा चालतोय प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर. एकाकडचं चित्र दुसऱ्याकडं न्यायचं तर कॉपी करूनच न्यावं लागतं. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक फ्रेम साधारण ८ एमबीची, आणि अशा सेकंदाला ६०, म्हणजे दर सेकंदाला अर्धा जीबी नुसती ने-आण, ती पण गेम चालू असताना. त्यात ओबीएसमध्ये, म्हणजे स्ट्रीम पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसऱ्या मॉनिटरचं डिस्प्ले कॅप्चर, म्हणजे अख्खा पडदा पकडणं, लावून ठेवलं असेल तर बघायलाच नको.

यातली गंमत सांगतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरापुढं एफ असतो, १०४००एफ, १२४००एफ वगैरे, जे स्वस्त पडतात म्हणून असेंबल्ड पीसीत भरपूर खपतात, त्यांच्या आत ग्राफिक्स नसतंच. त्यामुळं मदरबोर्डच्या पोर्टात केबल खुपसली तर स्क्रीन काळी राहते आणि चूक तिथल्या तिथं उघडी पडते. बिगर-एफवाल्यांचं चित्र बऱ्याचदा येतं, त्यामुळं वर्ष वर्ष कुणाला पत्ता लागत नाही. उपाय म्हणजे एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर, आत चिप असलेला (नुसती दोन टोकांची केबल चालत नाही), काहीशे रुपयांत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर ढिगानं पडलेले असतात. तो लावून दोन्ही मॉनिटर कार्डावर घ्यायचे. एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

पोर्ट बरोबर असेल आणि तरी अडकतंय, तर मग ओबीएस उघडायचं. त्यात व्ह्यू मेनूत स्टॅट्स नावाची खिडकी आहे. ही कुणीच उघडत नाही. सगळे थेट 'बेस्ट सेटिंग' म्हणून शोधतात आणि कुणा परदेशातल्या माणसाची त्याच्या पीसीसाठीची सेटिंग आपल्या पीसीत भरतात. स्टॅट्समध्ये तीन ओळी बघायच्या. फ्रेम्स मिस्ड ड्यू टू रेंडरिंग लॅग, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला ओबीएसचं चित्र जुळवायला वेळ मिळाला नाही. स्किप्ड फ्रेम्स ड्यू टू एन्कोडिंग लॅग, म्हणजे चित्र जुळलं पण व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर मागं पडला, तो प्रोसेसर असेल किंवा कार्डातली एन्कोडरची चिप असेल. आणि तिसरी ड्रॉप्ड फ्रेम्स नेटवर्क, म्हणजे तुमचा पीसी ठणठणीत आहे, नेट अपलोडला कमी पडतंय. बघणाऱ्याला तिन्हीत सारखंच दिसतं, चित्र अडकलं, चॅटमध्ये 'भावा लॅग होतंय' येतं, पण दुखणी तीन वेगळी आणि औषधं पण वेगळी. नेटवर्कची ओळ वाढत असेल तर तुम्ही जगातलं सगळ्यात महाग कार्ड घातलं तरी ढिम्म फरक पडणार नाही, तिथं वायफाय सोडून लॅन केबल लावा आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, उतरवा, १०८०पी ६० ला, म्हणजे फुल एचडी आणि सेकंदाला ६० फ्रेमला, ६००० केबीपीएसच्या आसपास लागतो, तेवढा अपलोड मिळत नसेल तर ७२०पी वर या, विषय कट.

दोन मॉनिटरवाल्यांची वाढते ती बहुतेक पहिली ओळ, रेंडरिंग लॅगची.

एक केस सांगतो. कॉलेजचा मुलगा, जीटीए फाइव्हचं रोलप्ले स्ट्रीम करतो, जीटीएक्स १६५० चं ४ जीबीवालं कार्ड, रॅम ८ जीबीची एकच काडी, मुख्य मॉनिटर नवीन १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, आणि शेजारी जुना ६० हर्ट्झचा. वडील सोबत आलेले, खिशात पैसे घेऊनच. तक्रार अशी की गेम त्याला स्वतःला बरा दिसतो, कोपऱ्यात ७५-८० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम, लिहून येतंय, पण यूट्यूबवर बघणाऱ्यांना गाडी झटके खात चालल्यासारखी दिसते. त्याचं म्हणणं, एनव्हेंक, म्हणजे एनव्हिडिया कार्डातला एन्कोडर, लावलाय, त्याला वेगळी चिप असते, मग कार्डावर लोड यायचा प्रश्नच कुठं. इथंच सगळे फसतात. एनव्हेंक वेगळी चिप आहे हे खरं, पण त्या चिपकडं जायच्या आधी गेमचं चित्र, वेबकॅमची चौकट, अलर्ट, ओव्हरले हे सगळं एकावर एक ठेवून एक फ्रेम तयार करावी लागते आणि ते काम ओबीएस त्याच ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य भागावर करतं, जिथं गेम चाललाय. ६० एफपीएसला त्याच्या हातात एका फ्रेममागं १६.६७ मिलिसेकंद असतात. टास्क मॅनेजरमध्ये कार्ड ९९ टक्के दिसत होतं. म्हणजे पंगतीत वाढपी एकच आणि गेमनं पहिल्याच फेरीला पातेलं पुसून घेतलं, ओबीएसच्या पानापर्यंत काही येतच नाही.

मग काय केलं तर गेमला लगाम घातला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट म्हणून सेटिंग आहे, २०२० च्या सुरुवातीच्या ड्रायव्हरपासून आलंय, तिथं ६० टाकलं. स्ट्रीमच ६० ची आहे, गेमनं ८० फ्रेम बनवल्या तरी बघणाऱ्याला ६० च जाणार, वरच्या २० साठी कार्ड उगाच घाम गाळत होतं. गेममध्ये गवताची क्वालिटी अल्ट्रावर होती, ती खाली आणली, एमएसएए, म्हणजे कडा गुळगुळीत करणारी सेटिंग, बंद. कार्ड ८० टक्क्यांच्या आसपास आलं आणि स्टॅट्समधला रेंडरिंग लॅगचा आकडा जागेवर थांबला. वडील तो आकडा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, बराच वेळ, वाढतोय का म्हणून.

आकडा थांबला पण चित्र अजून किंचित अडखळतच होतं, आणि ही खरी दोन मॉनिटरची भानगड. ६० चा गेम १४४ च्या पडद्यावर दाखवायचा तर एक फ्रेम २.४ वेळा दाखवावी लागेल, तसं होऊ शकत नाही, म्हणून कुठली फ्रेम दोनदा दिसते तर कुठली तीनदा. मॉनिटरला फ्रीसिंक किंवा जीसिंक असेल आणि ते खरंच चालू असेल तर तो आपला वेग गेमनुसार बदलतो, याचं बंद होतं. तर १४४ चा मॉनिटर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १२० वर आणला. आता गेम ६०, मुख्य पडदा १२०, शेजारचा ६०, स्ट्रीम ६०, सगळं एकमेकांत भाग जाणारं. मुलगा म्हणाला मग १४४ चे पैसे वाया गेले का. नाही गेले, स्ट्रीम नसेल तेव्हा १४४ वर खेळ की बाबा.

विंडोज १० च्या जुन्या व्हर्जनमध्ये तर याच्या वरताण होतं. पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या जुळवून दाखवणारा विंडोजचा भाग वेगवेगळ्या हर्ट्झचे दोन मॉनिटर असले की गोंधळायचा, ६० वाल्यावर व्हिडिओ किंवा हलणारं काही चालू असलं की १४४ वाल्यावर पण झटके. २०२० च्या मे मधल्या अपडेटमध्ये, ज्याचं व्हर्जन २००४ असं लिहून येतं, हे बरंच सुधारलं. पण आपल्याकडं विंडोज टाकून देणारा जाताना अपडेट बंद करून जातो, कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' लिहिलेलं वर्षानुवर्षं तसंच, त्यामुळं आजही २०१९ चं व्हर्जन चालवणारे पीसी येतात माझ्याकडं. स्टार्टमध्ये विनव्हर (winver) टाइप करून बघा कुठलं आहे. तसा विंडोज १० चा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवलाय, पीसी झेपणारा असेल तर ११ वर जायला हरकत नाही.

आता दुसऱ्या मॉनिटरवर चालू काय असतं ते पण बघायला हवं, त्या बिचाऱ्या मॉनिटरला दोष देऊन काय उपयोग. रिकामा डेस्कटॉप असलेला जादाचा मॉनिटर कार्डाला फार जड नसतो. पण त्याच्यावर असतं क्रोम, त्यात बारा टॅब, त्यातल्या एकात यूट्यूब स्टुडिओ आणि त्यात स्वतःचीच स्ट्रीम चालू, आवाज बंद करून, नीट जाते का बघायला! म्हणजे कार्ड आधी गेम बनवतंय, मग तो एन्कोड करतंय आणि तोच व्हिडिओ नेटवरून फिरून आला की परत डिकोड करून दाखवतंय. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या पानावर व्हिडिओ डिकोड नावाचा वेगळा आलेख असतो, तो हलताना दिसला की समजायचं. तिथंच खाली डेडिकेटेड मेमरी दिसते, ४ जीबीचं कार्ड असेल आणि ती काठोकाठ भरली असेल तर उरलेलं सामान साध्या रॅममध्ये जातं, तिथून आणायला वेळ लागतो आणि मग दर थोड्या वेळानं एक झटका ठरलेला. रॅमची काडी पण एकच असेल तर आणखी वाईट, खासकरून वेगळं कार्ड नसलेल्या पीसीत, कारण तिथं ग्राफिक्सची मेमरी म्हणजे तीच रॅम आणि एका काडीनं तिचा वेग निम्म्यावर येतो.

तर स्वतःची स्ट्रीम बघणं बंद करा, मोबाइलवर कधीतरी डोकावा. चॅट तर मोबाइलवरच ठेवा, स्क्रीन फुटलेला जुना फोन स्टँडवर उभा केला तरी चालतं. ओबीएसचं प्रीव्ह्यू राइट क्लिक करून बंद करता येतं, स्ट्रीमला काही होत नाही, तेवढाच भार कमी. ओबीएस रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघडा, मग ते विंडोजकडं ग्राफिक्स कार्डात आपला नंबर वर लावून मागू शकतं, साधं उघडलं तर मागता येत नाही. अख्खा पडदा पकडणारं डिस्प्ले कॅप्चर सोडून गेम कॅप्चर वापरा, जिथं गेम परवानगी देतो तिथं. आणि क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन बंद करून बघा, फरक पडला तर ठेवा, पण मग व्हिडिओचा भार प्रोसेसरवर जातो, जुना आय थ्री असेल तर आगीतून फुफाट्यात.

एक बारकी तपासणी सगळ्यांना सांगतो, ज्याला काहीच कळत नाही त्यालाही जमेल. स्ट्रीम चालू करा, स्टॅट्स उघडी ठेवा, गेम चालू, आणि दुसऱ्या मॉनिटरवरची क्रोमची खिडकी खाली मिनिमाइज करा. झटके थांबले तर क्रोम. नाही थांबले तर विंडोज आणि पी बटण दाबून फक्त पहिली स्क्रीन ठेवा. आता थांबले तर हर्ट्झ किंवा पोर्ट. तरी नाही थांबले तर दुसऱ्या मॉनिटरचा काही संबंध नाही, त्याला परत लावून टाका आणि दुसरीकडं शोधा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन मल्टीप्लेन ओव्हरले (पडद्यावरचे थर कार्डाकडून जुळवून घ्यायची सोय) बंद करायचा उपाय पण सगळीकडं फिरतोय, काही ठिकाणी लागू पडतो, मात्र वरचं सगळं झाल्याशिवाय आणि रिस्टोअर पॉइंट केल्याशिवाय रजिस्ट्रीला हात लावू नका, नंतर माझ्याकडंच येता.

लॅपटॉपवाल्यांचं थोडं वेगळं आहे. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतातच, आतली स्क्रीन बहुतेक वेळा प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर आणि एचडीएमआयचं पोर्ट कुठल्या मॉडेलला कार्डाला जोडलेलं तर कुठल्या मॉडेलला नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सचं पान उघडलं की तिथं चित्रच काढलेलं असतं, कुठला पडदा कुणाला जोडलाय. पोर्ट कमी म्हणून साध्या यूएसबीला लावायचा एचडीएमआय कन्व्हर्टर घेतात, तो घेऊ नका, डिस्प्लेलिंकसारख्या त्या पद्धतीत चित्र दाबून पाठवायचं काम प्रोसेसर करतो आणि गेम चालू असताना नेमका त्यालाच वेळ नसतो. यूएसबी-सीमधून थेट डिस्प्ले निघत असेल तर ते ठीक. आणि चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. मे महिन्यात दुपारी गादीवर लॅपटॉप ठेवून स्ट्रीम करणाऱ्यांना तर काय सांगायचं, गरम झाला की प्रोसेसर पण गळपटतो, कार्ड पण.

टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचेस दाखवणारी मंडळं पण येतात माझ्याकडं, त्यांचाही लॅपटॉप आणि दुसरा मॉनिटर असतो, एकावर ओबीएस आणि एकावर स्कोअर. त्यांची स्टॅट्स बघावी तर तिन्ही ओळी शून्य आणि तरी बॉल टप्पे खात गेल्यासारखा दिसतो. मॉनिटर हलवून बघतात, लॅपटॉप बदलून बघतात. तिथं कारण वेगळंच निघतं, आपल्याकडं मिळणारे कॅमेरे बऱ्याचदा पालवर म्हणजे २५ किंवा ५० फ्रेमवर असतात आणि ओबीएस ३० किंवा ६० वर. २५ मधून ३० करायचे म्हटल्यावर दर पाच फ्रेमला एक परत दाखवावी लागते. ओबीएसमध्ये २५ पाल, ५० पाल अशी निवड दिलेलीच आहे, ती लावा. कॅमेरा ६० वर नेला तरी चालेल, पण रात्रीच्या मॅचला शटर १/१०० च ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर लाइट लुकलुकताना दिसतात.

हे सगळं करून पाहिलं, गेमच्या सेटिंग खाली आणल्या, स्ट्रीम ७२०पी ३० वर आणली, आणि तरी कार्ड ९९ टक्केच आणि रेंडरिंग लॅग वाढतोच आहे, तर मग खुशाल कार्ड घ्या, तेव्हा तुमची चौकट बरोबर. त्यातही आधी रॅमची दुसरी काडी घाला, ती कार्डाच्या मानानं स्वस्त पडते. आणि कार्ड घ्यायचंच तर एक लक्षात ठेवा, मूळ जीटीएक्स १६५० मध्ये एन्कोडरची चिप आधीच्या पिढीची होती, १६५० सुपर आणि १६६० मध्ये पुढची आहे, सेकंड हँडमध्ये नावं सारखी दिसतात म्हणून विक्रेता दोन्ही एकच सांगतो.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
कराड

ता. क. गेम एकदम स्मूद जातोय आणि कोपऱ्यातला तुमचा चेहराच तेवढा अडकतोय, तर मॉनिटर आणि कार्ड दोन्ही सोडून द्या. अंधारात बरेच वेबकॅम उजेड वाढवायला आपणहून ३० वरून १५ फ्रेमवर येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लो लाइट कॉम्पेन्सेशन बंद करा, नाहीतर सरळ खोलीतली ट्यूब लावा.